राबाची राख

प्रिय दिपिका,

नाय गो, फोन बिघडलेला नाय. रेंज पण हाय. तुझे सात फोन आले, सातही वेळा मी तुझं नाव वाचलं नि लाल बटण दाबलं. आठव्याला फोनच शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवला, वाजू दे म्हटलं तिकडं. तू विचारतेस आय रागावली का. रागावली. भाकरी थापताना राग येतो, पाणी भरताना येतो, तुझ्या बाच्या फोटोवरची धूळ पुसताना तर एवढा येतो का त्यालाच चार शब्द ऐकवते. तो मेलेला माणूस, त्याला उलटून बोलता येत नाय. जिवंत होता तेव्हा तरी कुठं येत होतं. फोनवर तू गोड बोलतेस, अडचणीचं आलं का 'आय, इथं वारा लय हाय, ऐकू येत नाय' बोलतेस, आणि मी येडी विरघळते. म्हणून भगीरथच्या घरातून जुनी वही मागून आणली. मागची पानं कोरी हायत. एका पानावर बेडकाचं चित्र हाय, जावई नाय आणलास तोवर त्यालाच जावई समजते.

तू पाठवलेला फोटो बघितला. सगळीकडं वाळू, मधे पडका किल्ला, बाजूला खजुरीची झाडं नि एवढंसं तळं. तुमची खोदकामाची लोकं टोप्या घालून खड्ड्यात बसलेली, तू मधे काळी ठिक्कर. खाली लिहिलंस का वाळवंटात पण आपल्या निवळीसारखं पाणी हाय, बारा महिने आटत नाय, म्हणूनच राजानं किल्ला इथं बांधला. वाचून पहिलं बरं वाटलं. पोरीला एवढ्या लांब निवळी आठवली. मग डोकं फिरलं. वाळवंटात आठवते ती निवळी इथला अहवाल लिहायला बसलीस तेव्हा कुठं गेली होती? तुला तिचं पाणी आठवत नसेल तर सांगते. चैत्र लागलाय. खालची विहीर खरवडून अर्धा हंडा पण मिळत नाय, तो पण गाळाचा. आपली चौदा घरं पहाटेच उठून निवळगडाच्या माळावर चढतात, पडक्या तटातून आत जातात नि कातळातल्या त्या टाक्यावर रांग लावतात. तू पण तुझा पहिला हंडा तिथंच उचललास, डोक्यावर ठेवून तीन पावलं गेलीस नि सगळा अंगावर घेतलास. रुपामावशी तेव्हा तुला बोलली होती, पोरगी आंघोळीला आली का पाण्याला.

आता वनखात्याची लोकं त्या निवळीला तार मारणार हायत. माळावर जायलाच बंदी. तिथली आपली चौदा घरांची नाचणी, वरई, सगळं बंद. हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू बोललीस, असं कसं होईल, मी बघते. काय बघतेस गो? तू लिहिलंस म्हणूनच होतंय ना.

कसं कळलं ते ऐक. त्या दिवशी फोनवर मी एवढंच बोलली का तुझ्या अहवालानं वाट लावली, बाकी सांगायला तोंड नव्हतं. गेल्या सोमवारी भगीरथनं सगळ्यांना समाजमंदिरात बोलावलं. तो वनहक्क समितीचा अध्यक्ष झाल्यापासून फाईल काखेतच असते, शेताला जाताना पण. झोपतो पण तिच्यावर डोकं ठेवून, असं त्याची बायको सांगते, आणि बायकोपेक्षा तिला जास्त जपतो असं मी सांगते. तर तालुक्याहून कागद आलेला. माळावरच्या जमिनीचा आपला दावा सुनावणीला लागला, पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला. आणि कागदाला एक अहवाल जोडलेला, तुमच्या खोदकामाचा. भगीरथचा चष्मा तुटलेला. तो बोलला, जनावहिनी, तू सातवी पास, तूच वाच. मी ऐटीत उभी राहिली. पदर नीट केला. माझ्या पोरीनं जिथं काम केलं त्याचा कागद हाय म्हणून दोन वेळा सांगितलं पण. आणि मोठ्यानं वाचायला लागली.

पहिली दोन पानं खापरांची. लोकं जांभया देत होती. मग आलं ते. मला तोंडपाठ झालंय, तुला परत लिहून दाखवते. 'सदर पठारावर सापडलेला जळका थर हा लढाईतील मोठ्या आगीचा असून त्यानंतर पठार निर्जन होते. सध्याची शेती हे अलीकडील अतिक्रमण आहे.' मी वाचलं आणि थांबली. वाचून झाल्यावर अर्थ डोक्यात शिरला. मग पुढची ओळ होती. 'वाडीतील एका ज्येष्ठ महिलेने सांगितलेल्या लोककथेतही या आगीचा उल्लेख आहे.' सगळ्यांनी रुपाकडं बघितलं. रुपाचं तोंड कसं हाय तुला माहीत हाय, कोंबडीला पण थांबवून गोष्ट सांगेल. मी पण रुपाकडं बघितलं. आणि शेवटी नावं. मोठ्या सरांचं, आणि खाली तुझं. दिपिका बुधू शिद. बापाच्या नावासकट. ते मी वाचलं नाय. मी बोलली, पुढं शाई पुसली हाय. सातवी पास झाल्याचं एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

निर्जन म्हणजे जिथं माणूस नाय ते. मग तुझी आजी कोण होती, माकड? तिनं त्या माळावर वरई झोडली, तिच्या सासूनं झोडली. तुझा बा त्याच माळावर नाचणीच्या बांधावर घटकाभर टेकतो बोलला नि उठलाच नाय. त्याला खाली आणायला सहा माणसं लागली. आता कागद सांगतो का तो अतिक्रमणात मेला. हा शब्द मला पहिला शहापूरच्या बाजारात ऐकलेला आठवतो, रस्त्यावर टोपली लावून बसलेल्या बायांना उठवत होते तेव्हा. माझ्या घरात तो माझ्या पोरीच्या सहीनं येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तू फोनवर काय बोललीस ते पण लिहून ठेवते, उद्या नाय बोलायला नको. तू बोललीस, मी फक्त खड्ड्यांची मापं नि चित्रं दिली, शेवटचं पान सरांनी लिहिलं, नाव सगळ्यांचं येतंच. मग बोललीस, आय, राब असेल तर तसा पुरावा पायजे, नुसतं वाटून चालत नाय. वाटून? राब म्हणजे काय हे तुला कुणी पुस्तकातनं शिकवलं का? तू आठ वर्षांची होतीस, तुझा बा नको बोलला तरी राब पेटवायला हट्टानं गेलीस, नि भुवया जाळून आलीस. दोन महिने आश्रमशाळेत तुला पोरी अंडं बोलवायच्या. तुला हसू येत असेल आता. मला नाय येत. बरं, थोडं येतं.

तुला पुरावा पायजे ना, मग बस नि वाच. माघात आमी झाडावर चढून टहाळ तोडतो. जिथं रोप टाकायचं त्या तुकड्यावर पहिलं शेण, वर टहाळ, वर झडलेला पातेरा, वर गवत, आणि सगळ्यात वर बांधाची बारीक माती, राख उडू नये म्हणून. मग चैत्रात पेटवायचं, ते पण वाऱ्याच्या उलट अंगानं, म्हणजे आग धावत नाय, बसून खाते. खालची माती भाजून तांबडी होते, तणाचं बी मरतं, पावसात त्यात रोप असं उठतं का बघतच राहावं. दरसाल त्याच तुकड्यावर. नांगर मधून फिरतो, सगळं मिसळतो, पण बांधाच्या अगदी कडेला नांगर पोचत नाय. तिथं पट्टे राहतात. तुझ्या दुसऱ्या खड्ड्याची भिंत आठव. तूच तिला ब्रशनं झाडत होतीस, जशी नवरी सजवतेस. काळा पट्टा, खाली भाजका तांबडा, मग मातीचा, परत काळा, परत तांबडा. मी घमेलं घेऊन उभी होती तेव्हा हातभर उंचीत सतरा मोजले. लढाईची आग एकदा लागते गो. दरसाल चैत्रात न चुकता यायला तो शत्रू होता का म्हशाच्या जत्रेतला पाळणेवाला? आणि आग लावली ती पण कशी गुणाची, बांधापर्यंत आली नि थांबली, बांध ओलांडून एक वीत पण पुढं गेली नाय. एवढी शहाणी आग मी अजून बघितली नाय. घर जळलं असतं तर कौल सापडलं असतं, जळका वासा सापडला असता, जळकं धान्य सापडलं असतं. तुला काय सापडलं? शेणाची राख नि टहाळाचे कोळसे. तुझ्या सरांना ते टहाळ कशाचं हाय ते तपासायला लाव, ऐनाचं निघेल, लिहून देते.

हे सगळं तुला समजत नव्हतं असं मी धरून चालू शकत नाय, आणि समजत होतं असं धरलं तर मला झोप लागत नाय. दोन्हीकडनं मरण माझंच.

मला तुमचं खोदकाम आवडलं होतं, ते पण खरं हाय. तू पुण्याहून सरांना घेऊन आलीस, आपल्या माळावर. सगळ्या वाडीनं बघितलं का बुधूची पोरगी पुढं चालते नि मोठे सर तिच्या मागून धापा टाकत येतात. दोन हिवाळे मी माती वाहिली, चाळली. दोऱ्या बांधून तुमी जमिनीचे चौकोन केलेत तेव्हा मी बोलली, हे लग्नाचं हाय का, मंडप घालताय तो. एकदा मी चाळणीत माझ्या तुटक्या बांगडीचा तुकडा टाकला नि तुझे सर अर्धा दिवस तो भिंगातनं बघत बसले. तू माझ्याकडं अशी बघितलीस का मला हसू दाबता दाबता ठसका लागला. ती चूक माझी. पण मी सांगितलं त्यांना नंतर, तासाभरानं का होईना. ते पण हसले. माणूस वाईट नाय तो. म्हणून तर अजून राग येतो, वाईट माणसानं लिहिलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाली असती.

इकडचं सांगायचं तर पांढरी शेळी व्यायली, दोन्ही बोकड. मोहाचं फूल यंदा कमी पडलं. भगीरथ दावा कसा वाचवायचा म्हणून रोज कुणाला तरी फोन लावतो, साहेबांना, शिकलेल्या पोरांना, आणि प्रत्येक जण त्याला सांगतो का शास्त्राच्या अहवालापुढं तुमच्या तोंडी बोलण्याचं काय चालणार. त्यानं मला विचारलं, दिपिका काय करू शकते का. मी बोलली, ती वाळवंटात हाय, तिथं टपाल उंटावरनं जातं.

आणि रुपा. तुझी रुपामावशी. तिचं सांगायचं टाळत होती, पण सांगते. सोमवारपासून तिच्याशी कुणी बोलत नाय. निवळीवर ती आली का रांग गप्प होते. परवा तिच्या पुढं हंडे ठेवून बायांनी तिला दोन वेळा मागं ढकललं, तिनं काय केलं नाय, उन्हात उभी राहिली. तिच्या सुनेनं तिला तोंडावर विचारलं, घर बुडवायला तुला दुसरी गोष्ट नाय मिळाली? रुपा बोलली, मी नाय सांगितली. परत विचारलं, परत तेच बोलली. एवढंच. रुपा, जी मीठ मागायला आली तर तासभर बसते, ती तीन शब्दांत थांबली. काल माझ्याकडं आली, ओट्यावर बसली नि बोलली, "जना, मी म्हातारी झाली. मला आठवत नाय. मी बोलली असेन का गो?" मी तिला चहा दिला. चहात साखर टाकायला इसरली, तिनं तसाच पिला.

रुपाला आता स्वतःच्याच तोंडावर भरवसा राहिला नाय.

म्हणून हा कागद. तू नेहमी बोलतेस ना, आय, लिहिलेलं पायजे. फोनवर बोललेलं सुनावणीत कोण धरत नाय, म्हणून लिहिते, आणि खाली सही करते. हे पत्र तुझ्या मोठ्या सरांना वाचून दाखव. बेडकाचं पान सोडून दे, बाकी सगळं, त्यांच्याबद्दलचं पण. त्यांना सांग, नऊ तारखेच्या आत दुसरा कागद पाठवा, का तो थर राबाचा हाय नि लोककथा खोटी हाय. आणि तुझं नाव त्याच्यावर पण पायजे, पहिलं. त्यांनी नाय दिला तर मी सुनावणीला उभी राहून हे वाचेन, वाडीसमोर, साहेबांसमोर, रुपासमोर. वाडीला अजून सांगितलं नाय. तुला पहिलं सांगते, कारण यात तुझं काम जाईल. सर बोलतील, हिच्या आईनं आपल्याला फसवलं. ते खरं बोलतील.

दुसऱ्या हिवाळ्यात एक दिवस तू धसईला दोऱ्या नि पिशव्या आणायला गेलेलीस. सर उंबराखाली बसून फोनवर कुणाला सांगत होते, पोरीच्या शब्दावर इथं आलो, खापरांशिवाय काय नाय, आठवड्यात गुंडाळतो, आणि तिला पुढच्या कामाला न्यायचं मला काय दिसत नाय. मी चार हात लांब चहा घेऊन उभी. त्यांना बहुतेक वाटलं घमेलं उचलणाऱ्या बाईला ऐकू येत नाय. मग फोन ठेवून, नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून, त्यांनी विचारलं का बाई, इथं कधी लढाई झाली होती का. मी हो बोलली. शत्रू घाटानं वर चढला, बोलली. राणीनं दार उघडलं नाय, त्यानं गडाला आग लावली, सात दिवस जळत होता, राणीनं निवळीत उडी घेतली. माझ्या सासूच्या सासूनं सांगितलं असं पण बोलली. त्यांनी सगळं उतरून घेतलं नि परत सांगायला लावलं, दुसऱ्यांदा मी त्यात दोन हत्ती घातले. त्यांचे डोळे चमकले, खोदकाम थांबलं नाय. चौथ्या दिवशी तुमाला ती राख लागली. सर नाचायचेच बाकी होते, आणि तू खड्ड्यातनं वर येऊन माझ्या गळ्यात पडलीस का आय, आता सर मला वाळवंटातल्या कामाला नेणार. तुझ्या खांद्यावरनं मी त्या भिंतीकडं बघितलं, सतरा पट्टे मोजले, आणि तोंड उघडलं नाय. ती गोष्ट रुपाची नाय. मी रचली. राख राबाची हाय हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

तुझीच आय,
जना बुधू शिद
(सही हाय, अंगठा नाय)